चौदा नंबरचा माग

दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ,
ताम्पेरेच्या जुन्या कापड गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे आता माग नाहीत, नऊ लॅपटॉप आहेत
आणि कॉफीचं एक खोकणारं यंत्र,
मी शिकवतो.
शिकणारे सगळे माझ्याहून मोठे.
बूट दाराशी काढून लोकरी मोज्यांत बसतात.

पहिल्याच दिवशी मी त्यांना कुलूप दाखवलं.
इथे क्लिक करा, डी मायनर निवडा,
बघा, सात पट्ट्या उजळल्या, पाच विझल्या.
आता बोट कुठेही पडू दे.
विझलेल्या पट्टीवर पडलंच, तर सॉफ्टवेअर त्याला
हळूच शेजारच्या सुरात नेऊन सोडेल.
हवं तर एकेका पट्टीला तीन-तीन सूर बांधून देतो,
एक दाबा, अख्खी कॉर्ड उठेल.
थोडक्यात, मी म्हणालो, चूक होणारच नाही.

ओइवा लेहतोला एके काळी
तळ्याकाठच्या नाचांना अकॉर्डियन वाजवायचा.
सहा वर्षं झाली, हात थरथरतात, पेटी माळ्यावर आहे.
त्याने बोट टेकवलं, ते घसरलं,
शेजारी पडलं, परत आलं,
आणि कुलपाच्या आत
त्या थरथरीचा मुरका झाला.
त्या दिवशी तो कॉफीला उठलाच नाही.

ताइमी कोक्कोनेन मात्र विचारत होती,
‘मग चूक जाते कुठे?’

मी हसलो. ती नाही हसली.

तिला विणकाम खात्याचा आवाज हवा होता,
याच मजल्याचा, एकोणीसशे एकाहत्तरचा.
‘चाळीस माग एका सुरात, बाळा,
फक्त चौदा नंबरचा किंचित उतरलेला.
धागा तुटायच्या आधी तो अजून उतरायचा.
तेवढ्यात मी पोचलेली असायचे.’
उजव्या हाताची तीन बोटं तिने पट्ट्यांवरून फिरवली.
उरलेल्या दोनांची जागा
पट्ट्यांवरून तशीच रिकामी सरकत गेली.
‘एकदाच नाही ऐकू आला.
कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं होतं,
कानांना जपा. म्हणून कापूस घातला होता.’

ती विझलेली पट्टी दाबत राहिली.
दर वेळी शेजारचा सूर उठायचा,
स्वच्छ, अंघोळ करून आलेला.
चार मंगळवार.
पाचव्या मंगळवारी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.
‘तुझं हे यंत्र माझ्या कानात कापूस घालतंय.’

मी कुलूप काढलं.
बाराच्या बारा पट्ट्या उजळल्या.
त्यांतही नव्हता.
दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी होता तो,
जिथे बोट मावत नाही.
मग सूर उतरवायचं छोटं चाक उघडलं
आणि एकेक सेंट खाली येऊ लागलो,
विहिरीत दोर सोडावा तसा:
वजा दहा. नाही. वजा वीस. नाही रे.
वजा एकोणतीस, तीस,
एकतीस.
तिचा हात वर गेला, तीन बोटांचा.
थांब.

तो सूर आम्ही एकोणचाळीसांच्या मध्ये ठेवला.
दाताला खडा लागावा तसा लागत होता.
ओइवाने मान वळवली, म्हणाला,
‘हा जरा खुपतोय.’
आणि थोड्या वेळाने,
‘राहू दे.’

ताइमी डोळे मिटून ऐकत होती.
मध्येच तिच्या खांद्याने झटका घेतला,
उठून पळायचं असल्यासारखा,
मग तिला आठवलं असावं
की धागा नाही.

फाइल सेव्ह करताना सॉफ्टवेअरने विचारलं, पट्टी कोणती?
खाली यादी होती, चोवीस नावांची.
तिने यादी बंद केली
आणि टाइप केलं: १४.

ओइवाचं कुलूप मी तसंच ठेवलंय.
उघड म्हणाला तर उघडेन.
अजून म्हणालेला नाही.
त्याच्या डी मायनरमध्ये तो
रोज थोडा जास्त वेळ बसतो.